मानपत्रातला 'त्याग': जामखेडच्या आरोळे डॉक्टरांचं प्रकरण

मसुद्यात 'त्याग' हा शब्द चार वेळा आला होता.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फेब्रुवारीतल्या एका रविवारी आरोग्यसेवकांचा सत्कार असतो. उपासना संपली की डॉक्टर, नर्स, लॅबवाले, एखादा निवृत्त कंपाउंडर असे सगळे पुढच्या बाकांवर येऊन बसतात. शाल-श्रीफळ होतं, पाळक प्रार्थना करतात, मग चहा आणि केक. यंदा मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि मसुदा आधी नजरेखालून घालायला घरी आला. मी नर्सिंग कॉलेजात सामुदायिक आरोग्य शिकवते, त्यामुळे लाल पेन हाताशी असतंच. पहिला 'त्याग' खोडला, दुसरा खोडला, तिसऱ्यापाशी हात थांबला. खोडणं सोपं आहे, पण त्या जागी लिहायचं काय?

वर्गात मी दरवर्षी एक प्रकरण शिकवते, ते याच प्रश्नापाशी येऊन थांबतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं, जामखेडचं. या जोडप्याला 1979 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 मध्ये पद्मभूषण. म्हणजे सत्कार भरपूर झाले. पण त्यांनी नेमकं काय केलं म्हणून झाले, हे विचारलं की बहुतेक जण 'अमेरिकेतून परत आले, खेड्यात राहिले' इतकंच सांगतात. ते खरं आहे. पण परत येऊन खेड्यात राहिलेले आणि तरीही फारसं काही न बदलू शकलेले डॉक्टरही आपल्याकडे कमी नाहीत.

वडाळ्यात पडलेला प्रश्न

रजनीकांत नगर जिल्ह्यातले, शिक्षकाच्या घरातले. मेबल मूळच्या इमॅन्युएल, जन्म जबलपूरचा, वडील ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणारे. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. 1960 मध्ये लग्न झालं तेव्हाच दोघांनी शपथ घेतली होती, की आयुष्य खेड्यातल्या, कुणी न विचारणाऱ्या माणसांसाठी घालवायचं.

शपथ घेतल्यावर जे करतात तेच त्यांनी केलं. नगर जिल्ह्यात वडाळ्याला मिशनचा दवाखाना होता, तिथे 1962 पासून 1966 पर्यंत काम केलं. मिशन दवाखाना म्हणजे काय हे पश्चिम महाराष्ट्राला सांगायला नको. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडलं आणि पुढची कितीतरी वर्षं लांबलांबचे रोगी 'मिरजेला न्या' एवढ्या एका वाक्यावर तिकडे निघत. वानलेस यांना 1928 मध्ये 'सर' ही पदवी मिळाली आणि सांगली-मिरजेच्या मधली वस्ती वानलेसवाडी झाली. कुशल हाताचा, देवभीरू डॉक्टर आणि त्याच्या दारात रांग लावून बसलेले गरीब, सेवेचं हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की दुसरं चित्र सुचतच नाही.

वडाळ्यात आरोळ्यांना याच चित्रात खोट दिसली. रांग हटत नव्हती. जुलाबाने सुकलेलं पोर सलाइन लावून वाचवायचं, हसतं करून घरी पाठवायचं आणि दोन महिन्यांनी तेच पोर तेच जुलाब घेऊन पुन्हा दारात. आई तीच, घर तेच, पाण्याचा डोह तोच. दवाखान्यात येणारे बरेचसे आजार मुळात होऊच नयेत असे होते आणि जे सगळ्यात गरीब होते ते तर दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते. दोघं दिवसरात्र राबत होते आणि दवाखान्याबाहेरच्या गावावर त्याचा ओरखडाही उमटत नव्हता.

विद्यार्थिनींना मी इथे थांबवते. 'समजा तुम्ही वडाळ्यात आहात. पुढे काय कराल?' दरवर्षी ठरलेली उत्तरं येतात: खाटा वाढवू, रुग्णवाहिका घेऊ, शिबिरं भरवू. वाईट उत्तरं नाहीत ही. फक्त प्रत्येक उत्तरात डॉक्टर होता तिथेच, मध्यभागी उभा असतो.

आरोळे पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. वैद्यक आणि शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलं, मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांना कार्ल टेलर भेटले. टेलर स्वतः मिशनरी डॉक्टरांच्या पोटी मसुरीत जन्मलेले आणि पंजाबात नारंगवालच्या खेड्यांमध्ये काम केलेले. म्हणजे अमेरिकेत जाऊन हे दोघं भारतातलंच खेडं नीट वाचायला शिकले. त्याच काळात, 1968 मध्ये, जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषदेनं जिनिव्हात एक वैद्यकीय आयोग नेमला होता. मंडळ्यांचा पैसा आणि माणसं जवळजवळ सगळी रुग्णालयांत गुंतलेली असताना रुग्णालयाबाहेरच्या माणसाला आरोग्य कसं मिळणार, हा त्या आयोगापुढचा प्रश्न होता. पुढे जामखेडच्या पाठीशी उभं राहणाऱ्यांत तो आयोग होता.

दुष्काळात टाकलेला पाय

1970 मध्ये दोघं जामखेडला आले. नगर जिल्ह्याचं हे आग्नेय टोक, पलीकडे बीड, धाराशिव, सोलापूर. इतिहासात तालुक्याला दोन ओळी मिळतात. चौंडीला अहिल्याबाई होळकरांचा जन्म, खर्ड्याला 1795 ची मराठे-निजाम लढाई. बाकी पाऊस नाही, कुसळं आहेत. हजार बाळं जन्मली तर त्यांतली 176 बाळं वर्ष पुरं व्हायच्या आत जात होती. लहान मुलांपैकी साधारण चाळीस टक्के कुपोषित. प्रशिक्षित हातांनी झालेलं बाळंतपण जवळजवळ नाहीच.

या 176 च्या मागे काय होतं ते उलगडून सांगावं लागतं, नाहीतर आकडा नुसता फळ्यावर राहतो. नाळ विळ्यानं कापली जाई, वर राख किंवा शेण, मग आठवड्याभरात धनुर्वात. जुलाब लागले की पोराचं पाणी तोडायचं. पोटुशी बाईनं कमी खायचं, म्हणजे बाळ लहान राहून सुटका सोपी होईल. यातली एकही गोष्ट बिनडोकपणाची नाही. प्रत्येकीमागे एक कारण आहे, फक्त ते चुकलेलं आहे. जिला हे पटवायचं तिला परकी वाटणार नाही असं कुणीतरी पटवायला हवं होतं.

आरोळ्यांची एक अट होती, गावानं बोलावलं तरच जायचं. पण बोलावणाऱ्यांना हवा होता डॉक्टर, सुईवाला. आरोग्य कुणाला हवं होतं? तेवढ्यात दुष्काळ पडला. 1970 पासून पाऊस हुलकावण्या देत होता आणि बहात्तरला सगळं संपलं. सुकडी, मिलो, खडी फोडायला गेलेली घरंच्या घरं. त्या पिढीच्या माणसांना बहात्तर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. अशा गावात 'आहार सुधारा' म्हणणं ही थट्टाच. मग डॉक्टर जोडप्यानं आधी अन्नाचं आणि पाण्याचं काम हाती घेतलं. मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, बोअर घेतल्या गेल्या, हातपंप बसले.

हातपंप कुठे बसवायचा हा प्रश्न वरवर भूगर्भाचा असतो. खरा तो जातीचा. गावच्या विहिरीवर दलितांना पाणी नव्हतं. आरोळ्यांनी बोअरच्या जागा दलित वस्तीत पडतील असं पाहिलं. पाणी तिथंच लागलं म्हटल्यावर ज्याला तहान आहे त्यानं तिकडे यावं. आले. कळशा घेऊन वरच्या आळीच्या बाया खालच्या आळीत रांगेत उभ्या राहिल्या. यावर एकही भाषण झालं नाही.

त्याच वेळी संध्याकाळी गावातल्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल चालायचा. जाळीच्या एका बाजूला सगळ्या जातींची सहा पोरं घाम गाळत असली की मग त्यांच्याशी शेतकरी मंडळाची गोष्ट काढता येते. तरुण शेतकरी मंडळं अशीच उभी राहिली. वैद्यकीय महाविद्यालयात व्हॉलीबॉलला गुण नसतात, असावेत असं माझं मत आहे.

नर्स पाठवली, ती टिकली नाही

पहिली योजना आम्हा नर्सिंगवाल्यांना लगेच पटेल अशी होती. शिकलेल्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसूतिका, गावोगाव राहायला पाठवायच्या, डॉक्टर आठवड्यातून एकदा येईल आणि रोजचं काम नर्स बघेल.

योजना फसली. विशी-बाविशीची, शहरी शाळेत शिकलेली, बिनलग्नाची मुलगी गावात एकटी राहणार कुठे? राहिलीच तर तिचं ऐकणार कोण? जिनं स्वतः मूल काढलं नाही ती चार पोरांच्या आईला बाळंतपण शिकवणार! गावाला ती परकी आणि तिलाही गाव परकं. मुलींचा यात दोष नव्हता.

यातून पुढची वाट निघाली. बाई गावातलीच हवी. वय झालेली, पोरंबाळं असलेली, गावानं निवडलेली. शिक्षण नसलं तरी चालेल. अशी बाई शोधायला गेलं की जी पुढे येई ती बहुतेकदा निरक्षर असे, अनेकदा दलित, कधी नवऱ्यानं टाकलेली, कधी विधवा. गमावण्यासारखं फार काही नसलेली.

वर्गात इथे कुजबुज सुरू होते. एका वर्षी एक मुलगी सरळ उठून म्हणाली, 'मॅडम, अडाणी बाईला हे सगळं येणार असेल तर आम्ही चार वर्षं कशाला शिकतोय?' मी तिच्यावर रागावले नाही. जामखेडच्या नर्सनाही आणि त्या काळातल्या डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडला असणार, फक्त तोंडावर विचारायला धीर लागतो. आपलं ज्ञान हेच आपलं घर, आपला मान, आपली भाकरी. ते उघड्यावर मांडून 'घ्या' म्हणायचं?

आरोळ्यांनी ते मांडलं. आणि नर्सचं काम संपलं नाही, वरच्या वर्गात गेलं. ती आता फिरत्या पथकातून गावोगाव जाऊ लागली, बायांना शिकवू लागली, त्यांच्या हाताला जमत नाही ते पाहू लागली. त्या मुलीला मी हे सांगितलं. तिचं समाधान झालं की नाही ते कळलं नाही.

एक मोठी गोधडी

या बाया प्रशिक्षणाला जामखेडच्या केंद्रावर येत आणि रात्री तिथंच राहत. मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला भाग हा आहे आणि तो कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

वेगवेगळ्या जातींच्या बाया. एकमेकींच्या हातचं पाणी न पिणाऱ्या. दिवसा एकत्र बसून ऐकतील, जेवायच्या वेळी पांगतील आणि रात्री आपापली वळकटी घेऊन आपापला कोपरा धरतील. तर आरोळ्यांनी एकच मोठं पांघरूण शिवून घेतलं. सगळ्यांनी जमिनीवर ओळीनं झोपायचं आणि ते एकच अंगावर घ्यायचं.

थंडीच्या रात्री एकाच गोधडीखाली झोपणं म्हणजे काय ते जिनं घरात केलंय तिला ठाऊक असतं. एकीनं कूस बदलली की दुसरीचं पाऊल उघडं पडतं. ओढाओढ होते, शिव्या होतात, हसू होतं. मग अंधारात बोलणं सुरू होतं. सासू, नवरा, गेलेलं पोर. दिवसा वर्गात मेबल आरोळे जे शिकवत त्याची उजळणी रात्री गोधडीखाली होत असणार, असं मला वाटतं. धनुर्वात हा शब्द पाठ करण्यापेक्षा शेजारी झोपलेल्या बाईचं त्यानं गेलेलं बाळ ऐकलं की तो विसरणं शक्य नाही.

धड्यांचा क्रमही उलटा होता. आधी शरीर, मग आजार, मग औषध, असा आमचा क्रम. तिथे त्याच्याही आधी ती बाई स्वतः असे. चारचौघीत उभं राहून आपलं नाव मोठ्यानं सांगता येणं हाच मोठा पल्ला होता. जिला आयुष्यभर 'अमक्याची बायको' म्हणून हाक आली, तिला गावात जाऊन सरपंचाच्या सुनेला 'तू चुकतेयस' म्हणायचं होतं.

मग काम. बाळाचं वजन. साखर-मिठाचं पाणी. गरोदर बाईची तपासणी, धोका दिसला तर वेळेत जामखेडला रवानगी. स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, धुतलेले हात. क्षय आणि कुष्ठाचे रोगी हेरणं, त्यांना गोळी चुकू न देणं. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता गावातच बरं करणं. हे करणारी बाई बहुतेकदा स्वतःच कधीतरी गावाच्या कडेला ढकललेली असे आणि मला वाटतं म्हणूनच तिला ते जमत असे.

आणि मागे दवाखाना होताच. हे सांगायचं राहून जातं आणि मग लोकांना वाटतं आरोळ्यांनी रुग्णालयाला रामराम ठोकला. तसं नाही. अडलेली बाळंतीण आली तर शस्त्रक्रिया व्हायची, पाय गेलेल्याला तिथल्या कार्यशाळेत जयपूर फूट मिळायचा. फरक एवढाच पडला की दवाखाना आता शेवटची पायरी झाला.

आकडे आणि दोन दिवे

सुरुवात साधारण तीस गावांपासून आणि चाळीस हजार लोकसंख्येपासून झाली. बालमृत्यूचा 176 हा आकडा पाच-सहा वर्षांत पन्नासच्या आसपास आला आणि नव्वदच्या दशकात तिशीच्या खाली. कुपोषित मुलांचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या आत. यातलं किती श्रेय पाण्याला, किती अन्नाला, किती बायांना, असा हिशेब कुणी मांडू पाहिला तर मला तो फारसा खरा वाटणार नाही. हातपंपावर रांगेत उभी राहिलेली बाई आणि वजनकाट्यापाशी पोर घेऊन आलेली बाई एकच होती.

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातले मोजके प्रयोग निवडून त्यांची नोंद केली, त्यात जामखेड होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाची परिषद झाली आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा शब्द जगाच्या तोंडी बसला. आपल्या सरकारनंही 1977 मध्ये गावोगाव आरोग्यसेवक नेमायची योजना आणली. तिचं पुढे काय झालं ते शिकवताना मला नेहमी घाई करावीशी वाटते. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. जामखेडचा सांगाडा उचलला होता, गोधडी मागेच राहिली. 2005 मध्ये 'आशा', म्हणजे सरकारच्या गावपातळीवरच्या आरोग्यसेविका, आल्या तेव्हा निदान बाई गावातलीच हवी हा धडा कागदावर उतरलेला दिसला.

1988 मध्ये वॉशिंग्टनला आरोग्याविषयीची एक मोठी परिषद होती. जामखेडच्या मुक्ताबाई पोळ तिथे बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झगमगती झुंबरं होती. त्यांच्याकडे बोट करून मुक्ताबाई म्हणाल्या, डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे, पण महाग, आणि ते बघायला इतक्या लांब यावं लागतं. मग त्यांनी पिशवीतून वातीचे दोन दिवे काढले. एक पेटवला. म्हणाल्या, हा स्वस्त आहे, साधा आहे, पण याच्यावर दुसरा लावता येतो. आणि दुसरा लावला.

समोर डॉक्टर बसले होते, हे लक्षात घ्या. आणि ही बाई ज्यांनी शिकवून तिथवर नेली तेही डॉक्टरच. आपल्या शिष्येनं भर सभेत आपल्याला झुंबर म्हणावं, यासारखा सत्कार मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

यात श्रद्धा कुठे आहे?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. वर्गातल्या काही मुली दबक्या आवाजात विचारतात, 'मॅडम, मग त्यांनी धर्मांतर केलं का लोकांचं?' आणि मंडळीतले काही जण तितक्याच दबक्या आवाजात विचारतात, 'इतकं करून किती जण प्रभूकडे आले?' दोघांनाही एकच आकडा हवा असतो, फक्त एकाला तो मोठा हवा असतो आणि दुसऱ्याला शून्य.

प्रकल्पाच्या नावात चर्च नाही, ख्रिस्त नाही, सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प एवढंच आहे. काम करणाऱ्या बाया बहुतेक हिंदू, काही नवबौद्ध, काही मुसलमान. आरोळे स्वतः शेवटपर्यंत उघडपणे ख्रिस्ती राहिले, येशूचं अनुकरण ही आपल्या कामामागची प्रेरणा आहे हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण ती श्रद्धा कुणाच्या हाती पत्रक देण्यात दिसली नाही. ती दिसते पंप कुठे बसवला त्यात, पांघरूण केवढं शिवलं त्यात.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही हे दरवर्षी वाचतो. पेत्राची अडचण मला जामखेड शिकवायला लागल्यावर कळली. गुरू वरच राहिला तर शिष्याला बरं असतं. तो खाली बसला की आपल्यालाही उद्या कुणापुढे तरी खाली बसावं लागणार. डॉक्टरनं गरिबावर उपचार करणं हे आपल्याला झेपतं, आपण त्याला हार घालतो. डॉक्टरनं आपली विद्या गावकुसाबाहेरच्या निरक्षर बाईच्या हाती ठेवली, की आपण, म्हणजे आम्ही नर्स आणि मास्तरणीसुद्धा, जरा अस्वस्थ होतो.

1979 याच वर्षी मदर तेरेसांना नोबेल मिळालं आणि आरोळ्यांना मॅगसेसे. दोन्हीकडे ख्रिस्ती सेवा, दोन्हीकडे सगळ्यात गरीब माणूस. कोलकात्यात मरणाऱ्याचा हात धरणं होतं, जामखेडात मरण येण्याआधीच कुणीतरी दारात उभं राहील याची तजवीज. तुलना करू नये म्हणतात. पण आमच्या मंडळीतल्या भिंतीवर मदरचा फोटो आहे आणि आरोळ्यांचा नाही, जामखेड आमच्यापासून कोलकात्यापेक्षा किती जवळ आहे तरी. सेवा म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते यावरून कळतं.

जे सुटलेलं नाही

प्रकरण शिकवताना त्याची आरती करायची नसते. तीन गाठी मला अजून सुटलेल्या वाटत नाहीत.

पहिली गाठ व्यक्तीची. मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. काम थांबलं नाही, पुढच्या पिढीनं, कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी ते चालवलं, जगभरातून लोक शिकायला येत राहिले. पण जामखेडइतकं खोल दुसरं जामखेड कुठे उभं राहिलं, असं विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागतो.

दुसरी काळाची. आज बाळंतपणं बहुतेक दवाखान्यात होतात, व्हायलाच हवीत. गावात आता मधुमेह आहे, रक्तदाब आहे, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या आहेत. नाळ कापायचं स्वच्छ पातं इथे उपयोगाचं नाही. बाई मात्र तीच लागणार.

तिसरी पैशाची आणि ती मला सगळ्यात टोचते. जामखेडच्या बायांना पगार असा नव्हता. सुरुवातीला नाममात्र मानधन, पुढे स्वतःच्या छोट्या धंद्यांतून कमाई, आणि मान. तिथे तो मान खरा होता, कारण शिकवणाऱ्यांनी आपली जागा सोडून तो दिला होता. पण हाच दाखला उचलून सरकार जेव्हा दहा लाखांहून जास्त आशांना 'स्वयंसेविका' म्हणतं, तेव्हा मान हा पगाराला पर्याय होऊन बसतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आधीच्या वर्षी, करोनाच्या ऐन धामधुमीत, महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. शाल अंगावर असून थंडी वाजते, असा हा प्रकार. सत्कार करणाऱ्यांनी आधी हे बघावं.

पुन्हा मसुदा

तर मी मसुद्यावर बसले. सत्कारमूर्तींच्या यादीत चौदा नावं होती. पाच डॉक्टर, सात नर्स, एक तंत्रज्ञ, एक कंपाउंडर. चौदाही माणसं मोलाची. त्यातल्या एका सिस्टरनी माझ्या आईची शेवटचे तीन आठवडे काळजी घेतली होती, त्यांच्याबद्दल मी काय लिहिणार.

सगळ्या 'त्यागां'च्या जागी प्रत्येकाच्या नावापुढे एकच गोष्ट लिहायचं ठरवलं. यांनी कुणाला काय शिकवलं? फोन करत सुटले. डॉक्टरांना आधी प्रश्नच कळेना. एक म्हणाले, 'मी किती शस्त्रक्रिया केल्या ते लिहा ना.' निवृत्त कंपाउंडर मात्र लगेच म्हणाले, 'मी पोरांना सुई उकळायला शिकवायचो. आता उकळत नाहीत म्हणा.' सिस्टरनी तीन जणींची नावं घेतली, तिघीही वॉर्डातल्या आया. एकीनं पुढे नर्सिंग केलं होतं. दुसरी आता आमच्याच भागात आशा आहे.

तिचं नाव मी पंधरावं म्हणून खाली लिहिलं आणि मसुदा सचिवांकडे पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

'ताई, बाकी सगळं छान जमलंय. पण ही पंधरावी बाई आपल्यातली नाही ना?'

मी म्हटलं, नाही.

'मग ख्रिस्ती आरोग्यसेवकांच्या सत्कारात कसं बसवायचं?'

मी त्यांना गोधडीची गोष्ट सांगितली. पूर्ण, अगदी पाऊल उघडं पडण्यापर्यंत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पंचसमितीपुढे ठेवतो.

समितीत काय चर्चा झाली ते मला माहीत नाही. पंधरावी शाल आली. 'त्याग' मात्र एका ठिकाणी राहिला, पहिल्याच ओळीत. सचिवांचा आग्रह होता.